अंगदुखी

तोड्याचा तिसरा दिवस होता आणि आत्या खाली बसायला तयार नव्हत्या.

बोराच्या बागेत कामं दोनच. उभं राहून फांदीवरची बोरं तोडायची, नाहीतर झाडाखाली अंथरलेल्या चवाळ्यावर बसून पडलेली वेचायची आणि डागी बाजूला काढायची. उभ्याचं काम आम्हा तरण्या बायांचं, कारण उमराणी जातीच्या झाडाला बोरांपेक्षा काटे जास्त. बसायचं काम वय झालेल्यांचं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताबाई. बावन्न वर्षांच्या. गेली तीन वर्षं चवाळ्यावरची मधली जागा त्यांची होती. यंदा ती जागा मोकळी ठेवून त्या पहिल्या दिवसापासून फांदीला भिडल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघा उठल्या होत्या आणि त्यावर घाम चुरचुरत असणार.

“आत्या, बसा की. मी हाय ना तोडायला.”

“बसून पाय गुततात माजे.”

“मुक्ताक्का, सून आल्यापास्नं लई तरनी झालीस बग,” पलीकडच्या रांगेतून अनसूया म्हणाली. अनसूया आमच्या वस्तीवरचीच, दर साल तोड्याला येते. तिचं तोंड आणि हात एकाच वेगानं चालतात.

“तुज्यासारकी बसून खात न्हाय मी,” आत्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

दोन झाडांच्या मध्ये माझी जुनी साडी बांधून केलेल्या झोळीत ओवी झोपली होती. अकरा महिन्यांची. जेवणाच्या वेळेला मी तिला पाजायला बसले, आणि समोरून आत्या पाण्याची कळशी घेऊन येताना दिसल्या. मांड्या लांब ठेवून, पाय न उचलता, ओढत. ओवी झाल्यावर पहिले आठ दिवस मी तशीच चालत होते. डोक्याच्या आधी माझ्या अंगानंच ती चाल ओळखली.

त्या दुपारी मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं गेले. तिथं काटेरी कुंपणावर एक गोणपाट वाळत होतं, आणि त्याच्याखाली झाकून जुन्या लुगड्याचा चार घड्यांचा धडपा. धुतलेला होता, पण मधला डाग गेला नव्हता. तांबडा आणि कडेनं पिवळा. आत्यांची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती.

मी धडपा हातात धरून उभी होते तोवर त्या मागं येऊन थांबल्या.

“ठेव ते.”

“आत्या, काय व्हतंय?”

त्यांनी माझ्या हातातला धडपा काढून घेतला. गार वारं सुटलं होतं, बोरीची वाळकी पानं पायात येत होती. “अंग येतंय,” त्या म्हणाल्या.

“बाहेर?”

त्यांनी नुसती मान हलवली. तो दुसरा शब्द त्यांनी माझ्याकडून ऐकला, स्वतः उच्चारला नाही.

आमच्या माहेरी चुलीपुढं बायका हे बोलताना मी लहानपणी ऐकलं होतं. बाईचं आतलं अंग, पिशवी, खाली सरकते आणि बाहेर येते. हातानं आत ढकलायची, वर धडपा बांधायचा आणि कामाला लागायचं. आत्यांचं ते घासून घासून चिघळलं होतं. म्हणून बसता येत नव्हतं.

“दवाखान्यात दाखवलं न्हाय?”

“दाखवलं की. तीन येळा. सरकारी डाक्टरला सांगितलं, अंग येतंय म्हनून. त्यानं गोळ्या दिल्या. नेमानं खाल्ल्या. गुण न्हाय आला.”

“तपासलं का त्यांनी?”

“हात बगितला. जीब बगितली.” मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, “आप्पांच्या कानावर घालू नको. नंदूच्या तर न्हायच न्हाय.”

मी नंदूला सांगितलं. सगळं नाही. आईला पिशवीचं दुखणं आहे, रक्त जातंय, एवढंच. नंदू माझा नवरा. स्वतःचा पिकअप आहे, आमची आणि शेजाऱ्यांची बोरं मोडनिंबच्या बाजारात नेतो. तो ताटावरून उठला, हात धुतला आणि फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही हायवेवरच्या नव्या दवाखान्यात होतो. पांढऱ्या फरश्या, बसायला मऊ खुर्च्या. तिथल्या नर्सचं नाव सिद्धेश्वरी, अक्षर टपोरं, आवाज हळू. तिनं आत्यांना आत नेलं, जाड निळा पडदा ओढला आणि विचारलं, “मावशी, अंग बाहेर येतं का?”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढी वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते ह्या पोरीनं आपण होऊन विचारलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या घडीला मला तिचे पाय धरावेसे वाटले.

मोठे डॉक्टर आले, दोन मिनिटं पडद्याआड गेले, हात धुऊन बाहेर आले.

“पिशवी काढून टाकायची. शुक्रवारी या.”

“काढायलाच पायजे का?” मी विचारलं.

“ठेवून काय करायचंय आता? पुढं कॅन्सर झाला तर मला म्हणू नका.” मग ते माझ्याकडं वळले. “तुम्हाला काही त्रास? कंबर दुखते?”

“बाळंतपणापासून दुखते.”

“मूल एकच? दुसरं होऊ द्या, मग तुमचंही बघून टाकू.”

ते अगदी साधेपणानं म्हणाले. ओवी माझ्या कडेवर होती, माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालत होती. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

बाहेर बाकड्यावर दोन बायका बसल्या होत्या. एक माझ्याच वयाची, ऊसतोडीवरून आलेली. “तुमच्या सासूची बी काढायची?” तिनं विचारलं. “माजी बी. हिची बी.” दुसरी हसली. लग्नाची तारीख एकाच दिवशी निघाल्यासारखं त्या बोलत होत्या.

काउंटरवरच्या पोरानं नंदूला पॅकेज समजावलं. आत्या गाडीत बसताना म्हणाल्या, “पॅकेज म्हंजे काय रं? बोरासारकं खोक्यात भरून देत्यात का काय?”

नंदू हसला. मोकळा झाला होता तो. आईला काय झालंय ते कुणीतरी सांगितलं होतं आणि वार पण दिला होता. माझ्या शेजारी आत्या एका कुल्ल्यावर भार देऊन बसल्या होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट होत होता.

बुधवारी दुपारी खळ्यावर कॅरेट भरताना आप्पांनी विषय काढला. आप्पा माझे सासरे. तीस वर्षांपूर्वी आमच्या गावचं आरोग्य केंद्र बांधलं तेव्हा त्यांनी बैलगाडीनं त्याचा मुरूम वाहिला होता. ते केंद्राला अजून “आपला दवाखाना” म्हणतात.

“शुक्रवारी कशाला न्हेतोय आईला?”

“ऑपरेशन हाय.”

“कसलं?”

“बाईमानसाचं. तुमाला काय करायचंय?”

आप्पांनी एक बोर उचललं, डाग बघितला, टाकून दिलं. “सिव्हिलला व्हतंय की ते. फुकट.”

“फुकट हाय म्हनूनच तसं हाय. हितल्या सरकारीत तीन खेपा घातल्या आईनं. काय केलं? लाल गोळ्या, पिवळ्या गोळ्या. आन् त्या तिकडच्यानं दोन मिनिटांत ओळखलं.”

“दोन मिनिटांत ओळखलं का दोन मिनिटांत ठरवलं?”

“आप्पा, बाजारात निदान चार आडते असत्यात. एकाचा भाव पटला न्हाय तर माल उचलून दुसऱ्याकडं न्यायचा. तुमच्या सरकारीत एकच खिडकी. ती बंद असली की घरला यायचं.”

“बोर उचलून न्हेता येतंय.” आप्पांचा आवाज चढला नव्हता, पण हातातलं कॅरेट त्यांनी खाली आपटलं. “तुजी आई कॅरेटात घालून किती दारं फिरवनार हाईस? भाव त्योच सांगनार, माल खराब हाय का चांगला ते बी त्योच सांगनार. आपुन काय बगनार तितं? तू बोराचा डाग वळकतोस. आतला डाग वळकतोस का?”

“मग काय, ती मरूस्तवर रांगेत उबी करू?”

“सगळ्यांनी रांग सोडली तर ती खिडकी कायमची बंद व्हईल, मग ज्याच्याकडं पिकअप न्हाय त्यानं कुटं जायाचं? अनसूयानं कुटं जायाचं?”

“अनसूयाचं तुमी बगा. मी माज्या आईचं बगतो.”

दोघांनाही आत्यांची काळजी होती, ते दोघांच्या मानेवरच्या ताठ शिरांवरून दिसत होतं. पण ज्या दुखण्यावरून बापलेक भांडत होते, त्याचं नाव दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आत्या चार पावलांवर उभ्या राहून कॅरेटात कागद घालत होत्या.

“झालं का तुमचं?” त्या म्हणाल्या. “सौदा झाला आसंल तर सांगा. बोर तयार हाय.”

त्या वाकल्या, भरलेलं कॅरेट उचलायला. मी धावत जाऊन दुसरी कडा धरली. त्यांचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं, ओठ पांढरे पडले होते.

“आज जास्त हाय,” त्या पुटपुटल्या.

शुक्रवारसाठी आधारकार्ड हवं होतं. आत्यांचे कागद हळदीकुंकवाच्या कोनाड्याखाली पत्र्याच्या डब्यात असतात. ओवी झोपल्यावर मी तो डबा मांडीवर घेतला. आधारकार्डाच्या खाली, चौकोनी घड्या घालून, सरकारी दवाखान्याचे तीन केसपेपर होते. प्रत्येकावर हळदीचं बोट लागलेलं. आत्यांना वाचता येत नाही, पण सरकारी शिक्क्याचा कागद त्या टाकत नाहीत.

मी बारावी झालेली आहे. डॉक्टरांचं अक्षर किरटं होतं, पण पहिल्या ओळीतले दोन शब्द तिन्ही कागदांवर सारखे होते. जनरल बॉडीएक.

मी ते दोनदा वाचलं. मग आत्यांना हाक मारली.

“आत्या, डाक्टरला नक्की काय सांगितलं होतं?”

“सांगितलं की तुला. अंग येतंय.”

“बाहेर येतंय, असं तुमी म्हणाला होता का?”

त्या लसूण सोलत होत्या. नख थांबलं. “रांगेत मानसं व्हती. गडी मानूस डाक्टर. कसं म्हननार?”

“त्यांनी लिवलंय, अंग दुखतंय. अंगदुखी. ह्या गोळ्या त्याच्याच होत्या.”

आत्यांनी लसणीची पाकळी ताटात टाकली, आणि दुसरी उचलली, आणि सोललीच नाही. तीन वेळा. प्रत्येक वेळी अडीच किलोमीटर चालत. न चुकता, जेवणानंतर, पाण्याबरोबर त्यांनी अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि आपलं दुखणंच एवढं वाईट की सरकारी गोळीलाही हटत नाही असं समजून गप्प बसल्या होत्या.

“म्हंजे त्याला कळलंच न्हाय,” त्या शेवटी म्हणाल्या.

“न्हाय.”

“मग त्याचा बी काय दोष.”

“उद्या जाऊ. एकदा. मी सांगते सगळं. शुक्रवार हाय अजून हातात.”

“नंदू चिडंल.”

“चिडू द्या.”

हे मी म्हणाले खरं, पण भीती मलाही होती. ज्या डॉक्टरनं ओळखलं त्याचा वार सोडून, ज्यानं तीनदा ओळखलं नाही त्याच्याकडं मी त्यांना नेत होते. काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या एकटीच्या डोक्यावर होतं.

गुरुवारी केंद्रात लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात पोरांची रडारड. अनसूया नातवाला घेऊन आली होती. आमच्याकडं बघून तिनं भुवया वर केल्या, पण पहिल्यांदाच काही बोलली नाही.

डॉक्टर चन्नवीर तिशीच्या आतले, अक्कलकोटकडचे. घरी कन्नड बोलतात, मराठी पुस्तकातलं. मी तिन्ही केसपेपर त्यांच्या टेबलावर एकाखाली एक मांडले.

“ह्यांचं अंग दुखत नव्हतं,” मी म्हणाले. “अंग बाहेर येतं. पिशवी. रक्त जातंय आता.”

त्यांनी कागद बघितले. मग आत्यांकडं बघितलं. मग परत कागद. कानाच्या पाळ्या लाल होताना दिसल्या मला.

“मावशी, तुम्ही म्हणाला होतात, अंग येतंय. मला वाटलं ताप आल्यावर अंग दुखतं, तसं काहीतरी. आमच्याकडं बायका याला वेगळं म्हणतात.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मी विचारायला पाहिजे होतं.”

“मी बी सांगाया पायजे व्हतं,” आत्या खाली बघत म्हणाल्या.

“सिस्टर तपासतील. मी बाजूला थांबतो. झोपा त्या टेबलावर.”

आत्या उठल्या, टेबलापर्यंत गेल्या आणि थांबल्या. टेबल खिडकीला लागून होतं. खिडकीबाहेर व्हरांडा, व्हरांड्यात अर्धं गाव. वर पडद्याची लोखंडी नळी होती. पडदा नव्हता.

“मागणी पाठवलीय,” सिस्टर म्हणाल्या. “दोनदा.”

आत्या मागं वळल्या. “चल ऋतुजा. शुक्रवारचंच बरं.”

त्यांची काही चूक नव्हती. तिकडं निळा पडदा होता. पडदा नाही म्हणून बाई निघून जाते, आणि मग आपण म्हणतो, लोक सरकारीत येत नाहीत. मला रडू यायला लागलं, रागानं. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ओवीची झोळी होती, ती जुनी साडी, जिथं जाईन तिथं माझ्याबरोबर असते. मी ती उपसली.

“अनसूयाकाकी,” मी दारातून हाक मारली. “जरा या आत.”

अनसूयानं नातवाला कुणाच्या तरी मांडीत दिलं आणि आली. तिला काही सांगावं लागलं नाही. एक टोक मी धरलं, एक तिनं. साडी ताणून खिडकी आणि दार दोन्ही झाकलं. ओवीच्या दुधाचा आणि शूचा वास त्या साडीला होता, मधे एक ठिगळ होतं. पलीकडं आत्या टेबलावर चढल्याचा आवाज आला, लोखंड कुरकुरलं.

“मंगलाष्टकं म्हना की आता कुनीतरी,” साडीपलीकडून आत्यांचा आवाज आला. “आंतरपाट तर धरलाय.”

अनसूया फस्सकन हसली. साडी हलली. “नवरी बाई, सावदान,” ती म्हणाली. कोपऱ्यात पाठ करून उभे असलेले डॉक्टर चन्नवीर पण हसले, तोंडावर हात धरून.

नंतर सिस्टरचा आवाज आला, त्यात हसू नव्हतं. “सर, बघा जरा.”

अनसूयानं साडीचं टोक वर ओढून धरलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ न हलवता म्हणाली, “माजं बी येतंय. दोन वर्सं झाली.”

डॉक्टरांनी हात धुऊन खुर्ची ओढली आणि आत्यांच्या समोर बसले, टेबलामागं नाही.

“घासून मोठी जखम झालीय. आधी ती भरली पाहिजे. जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल, साधीच आहे ना ते बघायला. मग ऑपरेशन. पिशवी काढायची की टाके घालून वर बसवायची, ते सिव्हिलमधल्या मॅडम ठरवतील. मी चिठ्ठी देतो, फोनही करतो.”

“तुकडा वाईट निगाला तर?” आत्यांनी विचारलं.

“तर उपचार वेगळे. म्हणूनच आधी तपासायचं. न तपासता काढली तर ते कळायचंच नाही.”

“तितला डाक्टर म्हनला, काडूनच टाकायची. हुईल का मी बरी?”

“मला माहीत नाही, मावशी. तपासल्याशिवाय नाही सांगता येणार.”

“पैसं?”

“योजनेत होईल. पण कागद लागतील. आणि थांबावं लागेल.”

“किती?” मी विचारलं.

“तेही मी खोटं सांगणार नाही. गर्दी असते.”

संध्याकाळी मी अंगणात नंदूला सगळं सांगितलं. केसपेपर दाखवले. तो पिकअपच्या चाकाला टेकून उभा होता, किल्ली बोटात फिरवत.

“थांबावं लागंल म्हंजे किती? ती रक्तात बसलीय आन् तू तिला रांगेत बसवतीस?”

“त्या डॉक्टरनं तुकडा तपासायचं नावबी काढलं न्हाय.”

“तू डाक्टर हाईस?”

“न्हाय. म्हनूनच म्हणते, ज्यानं दोन मिनिटांत माझी बी काढायचं ठरवलं त्याच्याकडं त्यांना पाठवायचं न्हाय.”

किल्ली थांबली. हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं. “तुजी?”

“दुसरं होऊ द्या म्हणाला. मग बघून टाकू.”

नंदूनं किल्ली खिशात टाकली. त्याचा जबडा हलत होता. आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते, आणि त्यांनी “मी म्हनलं नव्हतं का” असं म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. आप्पा जिंकलेही नव्हते म्हणा. त्यांच्याच दवाखान्यात पडदा नव्हता.

आत्या दारात आल्या. “कुनी इचारतंय का मला?”

“बोल आई.”

“त्यानं सांगितलं, काडायची. ह्यानं सांगितलं, मला म्हाईत न्हाय.” त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. “इतक्या वर्सांत मला म्हाईत न्हाय म्हननारा डाक्टर पहिल्यांदा बगितला. मी ह्याच्या चिट्टीवर जानार. तू फोन करून शुक्रवार मोडून टाक.”

“तितं गर्दी आसंल.”

“बाजारात काय कमी आसतीया?”

नंदूनं फोन लावला. पलीकडचा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, नंदू फक्त “व्हय, व्हय, समजलं” म्हणत होता, वरिष्ठापुढं उभं राहिल्यासारखा. मग तो पिकअपमध्ये गेला आणि पुढच्या सीटवर ओवीची दुलई चौघडी करून घातली, मधे खोलगट राहील अशी. आईला बसता यावं म्हणून.

सोमवारी पहाटेच निघालो. टेंभुर्णीकडून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं, धुक्यात. आत्या दुलईवर बसल्या होत्या, मांडीवर चिठ्ठी. वाटेत त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली. डॉक्टर चन्नवीर यांनी सगळं इंग्रजीत लिहिलं होतं, पण वरच्या कोपऱ्यात, शाळकरी बाळबोध अक्षरात, मराठीत एक ओळ होती: रुग्णाच्या शब्दांत, अंग बाहेर येते.

“बरं झालं,” आत्या म्हणाल्या. “कागदच दावायचा. मला बोलाया नगं.”

सिव्हिलमध्ये खिडकीवर नंबर मिळाला तो सत्तेचाळीस. लांब व्हरांडा, भिंतीला टेकून बसलेल्या बायका. मोहोळच्या, अक्कलकोटच्या, शहरातल्या विडी कामगार तेलुगू बोलणाऱ्या. आत्या बसू शकत नव्हत्या, तर दोन बायकांनी सरकून त्यांना भिंतीशी आडवं व्हायला जागा केली. नंदू फेऱ्या घालत होता. पाणी आण, झेरॉक्स काढ, शिधापत्रिका दाखव. दोनदा तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला, घड्याळ बघितलं, आणि परत गेला. बारा वाजले. एक वाजला. आत्यांच्या साडीला मागं डाग आला, मी ओवीचं दुपटं त्यांच्या कमरेला गुंडाळलं. नंदूनं तो डाग बघितला. मला वाटलं आता हा गाडी हायवेला वळवणार. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, आणि एकदा मुठीनं भिंत ठोकली, हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशी.

पावणेदोनला नंबर आला.

आत टेबलाशी चष्म्यातली एक तरुण डॉक्टर, बाजूला शिकाऊ दोन पोरी. पडदा होता, हिरवा, धुऊन विटलेला. मी चिठ्ठी पुढं केली. डॉक्टरनं ती घ्यायला हात लांब केला, पण डोळे आत्यांकडं ठेवले.

“बोला मावशी, काय त्रास होतो?”

आत्यांनी माझा हात खाली दाबला. चिठ्ठी माझ्याच बोटांत राहिली.

“अंग बाहेर येतंय,” त्या म्हणाल्या.

आवाज मोठा होता. बागेत पलीकडच्या रांगेला हाक मारताना असतो तेवढा. व्हरांड्यातली कुजबुज थांबली. दारात नंदू उभा होता, झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन, एका कडेवर ओवी.

“बसलं की येतंय, खोकलं की येतंय. आता जखम झाली. रगत जातंय.”

“कधीपासून?”

आत्यांनी हनुवटीनं दाराकडं दाखवलं.

“त्यो झाला तवापास्नं.”

डॉक्टरनं वळून बघितलं. शिकाऊ पोरींनी बघितलं. नंदू तिथं उभा, सहा फूट उंच, दाढी वाढलेला, तिशीला आलेला. त्याला काय करावं कळेना. त्यानं कागद बगलेत धरले आणि ओवीला, जी आधीच त्याच्या कडेवर होती, आणखी घट्ट धरलं.

“इतकी वर्षं?” डॉक्टर म्हणाली. “कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं व्हतं की,” आत्या म्हणाल्या आणि पडद्याच्या दिशेनं, पाय ओढत, आपल्या आपण चालायला लागल्या. “अर्दंच सांगितलं व्हतं.”